खोबरेल गोठले की काय घालून पळायचे?

आमच्याकडे थंडी आल्याची खबर न्हाणीतली खोबरेलाची बाटली देते. २४ अंशांच्या आसपास खोबरेल गोठायला लागते. तुळशीचे लग्न होते, जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि एका सकाळी बाटली उलटी धरून आपटली तरी थेंब पडत नाही. मग कोणी तरी ती गॅसशेजारी नेऊन ठेवते, आणि सासूबाई कपाटातून माकडटोपी काढतात. याच आठवड्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्याला पळायला येणारी नवी तोंडेही दिसू लागतात.

ही नवी मंडळी दोन प्रकारची. एक प्रकार गळ्यापर्यंत चेन ओढलेल्या जाड जॅकेटातला, जणू खाली उतरल्यावर बर्फच लागणार आहे. दुसरा कुठल्या तरी बँकेच्या जाहिरातीच्या सुती टी-शर्टातला, "गोव्यात कसली आलीय थंडी" म्हणणारा. चुकते दोघांचेही, फक्त वेगवेगळ्या वेळी. पहिल्याचे दुसऱ्या किलोमीटरला, दुसऱ्याचे पळून झाल्यावर.

मी पहिल्या प्रकारातली होते. मनालीच्या सहलीसाठी घेतलेले फ्लीसचे जॅकेट, आत पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट, खाली जाड ट्रॅकपँट असा जामानिमा करून मिरामार सर्कलवरून दोनापावलकडे निघाले. विज्ञान केंद्र येईपर्यंत चेन उघडली. त्यापुढच्या चढावर जॅकेट कमरेला बांधले, तर त्याच्या बाह्या मांड्यांवर फटाफट आपटायला लागल्या. दोनापावलला पोचले तेव्हा टी-शर्ट पिळला असता तर लोटाभर पाणी निघाले असते. कठड्यावर दहा मिनिटे टेकले, समोर पाणी, मागून वारा, आणि दात वाजायला लागले. म्हणजे जिच्यासाठी एवढे कपडे चढवले ती थंडी पळताना आलीच नाही, थांबल्यावर आली. पुढचे सगळे या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी आपली हवा बघा

पणजीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण १९ ते २१ अंश असतात. एखादी रात्र १७-१८ पर्यंत उतरते. दुपारी मात्र ३२-३३. साखळी, वाळपई, धारबांदोडा या डोंगराकडच्या भागात पहाट आणखी दोन-चार अंशांनी थंड, आणि वर धुके. किनाऱ्यावर समुद्र हवा सांभाळून घेतो, आत तो आधार नाही. त्यामुळे वाळपईच्या माणसाने पणजीकराचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

आता पळणाऱ्याच्या बाजूने बघा. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे आपण चालती शेगडी. म्हणूनच लांब पल्ल्याच्या चांगल्या वेळा थंड हवेत, साधारण दहा अंशांच्या आसपास निघतात. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत ४२ किलोमीटर धावला, तेव्हाची सकाळ आपल्या हिशेबाने कडाक्याची होती. अंगात स्वेटर नव्हता हे सांगायला नकोच. तर आपले २० अंश म्हणजे पळण्यासाठी थंडी नव्हेच, ती गोव्यातली सगळ्यात बरी हवा आहे.

जगभरचे पळणारे एक सोपा ठोकताळा वापरतात: बाहेर जेवढे अंश असतील त्यात दहा मिळवा आणि तेवढ्या हवेत नुसते फिरायला जाताना जे घालाल ते घाला. बाहेर २० म्हणजे ३० अंशांचे कपडे. ३० अंशांत तुम्ही काय घालता? तेच. दारातून बाहेर पडल्यावर पहिली सात-आठ मिनिटे अंगावर काटा आला पाहिजे. आला नाही तर एक कपडा जास्त झाला, परत जाऊन काढून ठेवा.

पायरी पहिली: स्कूटरचे कपडे वेगळे, पळायचे वेगळे

ही पायरी बाहेरच्या लेखांत सापडत नाही, कारण तिथले लोक घराच्या दारातून पळत सुटतात. आपल्याकडे निम्मे लोक मेरशी, पर्वरी, ताळगाव कुठून तरी स्कूटरवरून मिरामारला किंवा कांपालला येतात आणि तिथून पळतात. पहाटे साडेपाचला मांडवीच्या पुलावरून चाळीसच्या वेगाने स्कूटर हाकणे हा दिवसातला सर्वात गार प्रसंग. तुम्ही हललेले नसता, अंग तापलेले नसते आणि वारा सरळ छातीवर.

तर जॅकेट घ्याच, पण ते स्कूटरसाठी. पातळ विंडचीटर पुरतो. वारा अडवणे एवढेच त्याचे काम, ऊब द्यायची गरज नाही. पावसाळ्यातल्या रेनकोटाचे वरचे अर्धे वापरले तरी चालते. पोचलात की काढायचे, घडी घालून डिकीत टाकायचे आणि चावी खिशात. "थोडे पळून मग काढू" म्हणालात की झालेच, ते कमरेला येणार. डिकीत जॅकेटखाली दुसरी एक पिशवी असली पाहिजे. तिच्याबद्दल पुढे.

पायरी दुसरी: अंगाला लागणारा कपडा

सुती नको. सुताला आपल्याकडे फार मान आहे, उन्हाळ्यात तो योग्यही आहे. पण सूत घाम पिते आणि धरून ठेवते. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. त्यामुळे ओला सुती टी-शर्ट म्हणजे छातीवर ठेवलेली ओली पट्टी, तापात कपाळावर ठेवतो तशी. पळत असताना अंगात आग असते म्हणून कळत नाही, थांबलात की पट्टी कामाला लागते.

पॉलिएस्टरचा, दुकानदार ज्याला 'ड्रायफिट' म्हणतो तसला, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाराही चालतो. फक्त कापड दोन बोटांत घेऊन उजेडासमोर धरा, बारीक जाळी दिसली पाहिजे. शिवण काखेत नेमकी कुठे येते तेही बघा. किंवा काहीच घेऊ नका. ओळखीत कोणी जुना पळणारा असेल तर त्याच्या कपाटात शर्यतींत फुकट मिळालेल्या टी-शर्टांची चळत असते, तो आनंदाने दोन देईल.

आत बनियन नको. "एक थर जास्त बरा" असे वाटते, पण बनियन सुती असते, म्हणजे वरून महागडा टी-शर्ट घालून आतून ओली पट्टीच.

बायकांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. सर्वात जास्त वेळ ओली राहते ती स्पोर्ट्स ब्रा. जाड इलास्टिक, आत अस्तर, कधी सुती कप. टी-शर्ट बदलला आणि ही तशीच ठेवली तर अर्धा तास छाती गार राहते. पार्किंगमध्ये बदलायचे कसे? पिशवीत एक सैल कुर्ता ठेवायचा. तो वरून घालायचा, हात आत घ्यायचे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात विंगेत बदलायचो तसे आतल्या आत सगळे काढायचे. चार वेळा केले की मिनिटभराचे काम.

पुरुषांनी लांब पल्ल्याआधी स्तनाग्रांवर व्हॅसलीन लावावे किंवा जखमेची चिकटपट्टी मारावी. घामाचे मीठ आणि कापडाचे घासणे मिळून पांढऱ्या टी-शर्टावर दोन लाल डाग उमटतात, आणि मग आंघोळीला जाताना जो आवाज येतो तो शेजाऱ्यांनाही कळतो. गोठलेले खोबरेलही चालते, पण अंगावर लगेच वितळते आणि दहा किलोमीटरपर्यंत टिकत नाही.

पायरी तिसरी: पाय

शॉर्ट्स. गोव्यात याहून जास्त काही लागत नाही. मांड्या हे अंगातले मोठे स्नायू, ते स्वतःच तापतात. वाळपईच्या धुक्यात किंवा गुडघा जुना असेल तर पातळ टाइट्स घाला. ट्रॅकपँट मात्र नको, दंवाने तिची खालची घेर भिजते आणि घोट्याशी चपाचपा आपटत राहते.

दंव ही आपल्या थंडीची खरी ओल. कांपालच्या मैदानावर किंवा कुठल्याही गवतावरून पाच मिनिटे पळालात की जाळीदार बूट मोज्यांपर्यंत ओले. सुती मोजा ओला झाला की फोड ठरलेला. म्हणून मोजेही सुती नकोत. शक्य तर गवतावरचा व्यायाम शेवटी ठेवा.

पायरी चौथी: डोके, कान, हात

"अगं, कान तरी बांध!" हे आमच्या सासूबाईंचे रोजचे वाक्य. अंगातली सगळी उष्णता डोक्यातून जाते असा त्यांचा पक्का समज, आणि तो एकट्या त्यांचा नाही. प्रत्यक्षात डोके म्हणजे अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा दहावा भाग, जाते ती साधारण तेवढ्याच हिश्शाची. पण कान दुखतात हे खरे, त्यांच्यावर चरबी नाही आणि वारा थेट लागतो. यावर आमच्या घरात तडजोड झाली आहे: गळ्यात एक बफ, म्हणजे पातळ कापडाची नळी. स्कूटरवर ती हेल्मेटखाली कानांवर, पळताना मनगटाला. घाम पुसायला तीच. सासूबाई बाल्कनीतून बघतात तेव्हा कान झाकलेले असतात, मग दोघीही समाधानी.

माकडटोपी घालून पळू नका. हनुवटीखाली घाम साचतो, आवाज नीट येत नाही, आणि काळोखात कुत्री बिथरतात. हे शेवटचे स्वानुभवाने.

हातमोजे गोव्यात स्कूटरपुरते.

पायरी पाचवी: दिसणे

जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे साडेपाचला निघालेला माणूस तासभर अंधारात असतो. काळा टी-शर्ट बारीक दाखवतो हे खरे, पण पहाटे तो दाखवतच नाही. पांढरा, पिवळा, पोपटी घाला. बुटांवर किंवा पाठीवर चमकणारी पट्टी असली पाहिजे आणि डोक्याला छोटा दिवा. रायबंदरच्या कॉजवेवर, म्हणजे पाण्यातून भराव घालून बांधलेल्या रस्त्यावर, पळणार असाल तर यात माफी नाही.

हा कॉजवे माझा लाडका रस्ता. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटर सरळ, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे इथे अंगावर घेऊन शिकता येतात. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पणजीहून रायबंदरकडे निघालात की तो तोंडावर. सर्वसाधारण नियम असा की जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर, म्हणजे घामाने भिजल्यावर वारा छातीला लागत नाही. दिल्लीत किंवा इंग्लंडात हा नियम काटेकोर पाळावा. आपल्याकडे मात्र परततेवेळी वारा पाठीला, नुकते आलेले ऊनही पाठीला, हवा जणू थांबलेली. जॅकेटवाले उकडतात ते नेमके इथे. मी स्वतः जाताना बफ कानांवर ठेवते आणि रायबंदरला वळताना काढते, एवढाच काय तो बदल.

आणखी एक. हा पूर्वेचा वारा कोरडा असतो. घाम लगेच उडतो, म्हणून आला नाही असे वाटते. ओठ फुटले आणि टी-शर्टावर पांढऱ्या रेघा दिसल्या की समजा पाणी कमी पडले. थंडीतही पाणी प्या.

पायरी सहावी, खरे तर पहिली: डिकीतली पिशवी

कोरडा टी-शर्ट. सगळ्या यादीतून एकच वस्तू ठेवायची म्हटले तर मी बूट आणि हा टी-शर्ट ठेवीन.

थांबलात की शेगडी विझते, पण घाम उडतच राहतो आणि उडताना उष्णता नेतो. पाच मिनिटांत अंग गार पडते. त्यामुळे क्रम असा: थांबा, दोन-तीन मिनिटे चाला, लगेच ओला कपडा काढा, पंच्याने पाठ-मान पुसा, कोरडा घाला, त्यावर मघाचे विंडचीटर, मग गप्पा. गप्पा आधी आणि कपडे मग असे केले की दोनापावलचा कठडा आठवतो. आता मात्र हा टी-शर्ट सुतीच घ्या, मऊ, जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला. सुताचा मान इथे.

केसही पुसा. लांब केस घामाने ओले असतात आणि तसेच हेल्मेटमध्ये कोंबून स्कूटर चालवली की मान धरते.

मागे एका शर्यतीला मी हे सगळे नीट केले होते, पिशवी भरली होती, ती सामान ठेवण्याच्या काउंटरवर दिलीही होती. शेवटची रेषा ओलांडून आले तर काउंटरवर दोनशे जणांची रांग, पिशव्यांचे नंबर लावलेले नाहीत, दोन पोरे ढिगात शोधताहेत. चाळीस मिनिटे ओल्या टी-शर्टात झाडाखाली उभी होते. पदक गळ्यात आणि शिंका नाकात. तेव्हापासून शर्यतीला बरोबर आलेल्या कोणाच्या तरी खांद्यावर दुसरी पिशवी असते. कोणी नसेल तर शॉर्ट्सच्या मागच्या खिशात प्लास्टिकची मोठी पिशवी घडी करून ठेवते. तळाला डोक्यापुरते, बाजूंना हातांपुरते भोक पाडून ती अंगात घातली की वारा अडतो. दिसायला वाईट, पण तिथे कोण बघतेय.

कपडे बदलून झाले की कॅफेत पातळ भाजी आणि उंडो (आपला गोल पाव), वर गरम चहा. कॅफे उघडले नसेल तर सायकलवरून भोंगा वाजवत जाणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, थांबवावे.

पाहुणे म्हणून खऱ्या थंडीत गेलात तर

गोव्यात पळायला शिकलेला माणूस कधी ना कधी बाहेर जातोच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिथे थंडी नाही, पण पहाटे सुरुवातीच्या गोठ्यात (त्या कुंपणाला आम्ही गोठाच म्हणतो) बराच वेळ उभे राहावे लागते. टाकून द्यायच्या लायकीचा जुना शर्ट वरून घाला आणि सुरुवात झाली की कुंपणावर टाका.

दिल्ली वेगळी. तिथे जानेवारीत पहाटे पारा ५-७ अंशांपर्यंत उतरतो. मी एकदा आपला गोव्याचाच सुती टी-शर्ट घालून एका बागेत पळायला गेले, दोन फेऱ्या मजेत झाल्या, तिसरीला फोन आला म्हणून थांबले आणि फोन धरलेल्या हाताची बोटे वळेनात. या हवेत थर लागतात. अंगाला घट्ट बसणारा, पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर. मेरिनो बारीक धाग्याची असल्यामुळे टोचत नाही आणि ओली झाली तरी बरीच ऊब धरते. महाग आहे, पण एक पुरते. त्यावर वारा अडवणारे पातळ जॅकेट, पायांत टाइट्स, कानांवर पट्टी, हातमोजे. मधला फ्लीससारखा उबदार थर पारा शून्याकडे गेल्यावर. जॅकेटची चेन हेच तुमचे रेग्युलेटर: तापलात की खाली, वारा लागला की वर.

थंडी मोजताना नुसते अंश बघू नका. शून्य अंशाला ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ती उणे ५ सारखी लागते. बोटांचे म्हणाल तर, शरीर थंडीत रक्त आतल्या अवयवांकडे वळवते, त्यामुळे छातीला घाम आणि बोटे बधिर असे एकाच वेळी होते. चार बोटे एकत्र राहतात असे मुठीचे मोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा गरम. बफ नाकावर ओढला की आत जाणारी हवा थोडी कोमट होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे करावेच, आणि जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

लडाखची बात आणखी निराळी. लेह ११,५०० फुटांवर. २० फेब्रुवारी २०२३ ला तर गोठलेल्या पँगाँग तलावावर २१ किलोमीटरची शर्यत झाली. तिथे बूट घसरू नयेत म्हणून सोय लागते, उघडी कातडी ठेवायची नसते, आणि कपड्यांआधी उंचीची सवय करावी लागते. हा लेख वाचून तिकडे जाऊ नका.

इंग्लंडातल्या स्विंडनला आपली गोव्याची पुष्कळ माणसे आहेत. माझा मावसभाऊही तिथे. पहिल्या हिवाळ्यात त्याने मला फोन करून विचारले, "ताई, इथे किती घालू?" मी दहा अंशांचा ठोकताळा सांगितला. आठवड्याने त्याचा फोन, "पळायला बरोबर पुरले, पण बसस्टॉपवर मेलो." कोरडा टी-शर्ट नेला नव्हता.

धुणे आणि ठेवणे

पॉलिएस्टरचे कपडे गार पाण्यात, कमी साबणात धुवा. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे द्रावण घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम ओढेनासे होते. वास जात नसेल तर अर्धी वाटी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा. वाळवताना सावलीत, उलटे करून. ओला टी-शर्ट डिकीत विसरू नका, दुपारी डिकी उघडेल तेव्हा कळेल का ते.

विंडचीटर फेब्रुवारी संपता संपता धुऊन कडक वाळवा आणि हवा जाणार नाही अशा पिशवीत ठेवा. तसेच कपाटात टांगलेत तर जुलैत आतल्या बाजूला पांढरी बुरशी फुललेली असेल. माझी दोन गेली त्यात.